गाणारा देवदास आणि त्याची नायिका

केडगावच्या आमच्या धर्मग्रामात पुस्तकांचे एक लाकडी कपाट आहे. वरच्या फळीवर संतचरित्रे व प्रार्थनापुस्तके, खालच्या फळीवर कथा-कादंबऱ्या. वरच्या फळीवर धूळ बसते आणि खालची फळी हातोहात रिकामी होते, ही वस्तुस्थिती कपाटाची देखरेख करणाऱ्या आम्ही केव्हाच मुकाट्याने मान्य केलेली आहे. मध्यंतरी एका कुटुंबाने घर बदलताना कादंबऱ्यांचा एक मोठा गठ्ठा या कपाटाला दिला. त्यात मराठी होत्या, इंग्रजीही होत्या, आणि आश्चर्य म्हणजे त्यांतील बऱ्याचशा एकाच साच्यातून काढलेल्या होत्या. नायक गायक किंवा वादक. देखणा, कीर्तिमान आणि मद्याच्या वा अमली पदार्थांच्या पूर्ण आहारी गेलेला. नायिका साधी, सोशिक, बहुधा स्वतःही गाणारी. ती त्याच्यावर प्रेम करते, त्याला चिखलातून बाहेर ओढते. कधी तो बाहेर येतो, कधी तिलाच आत ओढतो. मलपृष्ठावर गिटार आणि पावसात भिजलेली दोन माणसे हटकून असतात.

या कादंबऱ्या कपाटातून काढून टाकाव्यात, अशी सूचना एका मातेने केली. सूचनेमागचे कारण पुढे येईलच. निर्णयापूर्वी कुणीतरी त्या वाचून पाहाव्यात असे ठरले आणि ते काम आमच्या गळ्यात पडले. आम्ही त्या वाचल्या. प्रामाणिकपणे सांगायचे, तर पहिल्या दोन रात्री जागून वाचल्या. ज्या पुस्तकावर टीका करायची ते आपल्याला खाली ठेववत नाही, हा अनुभव टीकाकाराला नम्र करणारा असतो.

प्रथम या नायकाची वंशावळ पाहू. शरच्चंद्रांचा 'देवदास' १९१७ साली प्रसिद्ध झाला. शरच्चंद्रांचे साहित्य मराठी घराघरांत नेण्याचे मोठे काम मामा वरेरकरांनी केले. त्यामुळे आपल्या आजी-पणजींच्या पिढीला देवदास परका नव्हता. पण वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुस्तकातला देवदास गायक नाही. तो जमीनदाराचा मुलगा आहे. दुबळा, हट्टी, योग्य वेळी 'होय' म्हणू न शकलेला. त्याला गळा दिला तो बोलपटाने. न्यू थिएटर्सच्या हिंदी 'देवदास'मध्ये कुंदनलाल सैगल यांनी ती भूमिका केली आणि तेव्हापासून मद्य, विरह आणि सूर ही तीन द्रव्ये भारतीय मनात एकाच पेल्यात मिसळली गेली. पुढे १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधर येथे सैगल गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४२ होते. मद्याने त्यांचे शरीर पोखरले होते. भूमिका आणि माणूस यांतील रेघ पुसली गेली. लोक हळहळले, पण त्या हळहळीत कौतुकाचाही अंश होता, आणि आमचा वाद त्या अंशाशी आहे.

योगायोग असा की, त्याच १९१७ साली महाराष्ट्रात राम गणेश गडकरी 'एकच प्याला' लिहीत होते. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१९ च्या फेब्रुवारीत रंगभूमीवर आणले. त्यापूर्वी महिनाभर आधी गडकरी निवर्तले होते आणि सिंधूची पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांना लिहावी लागली. गणपतराव बोडस सुधाकर आणि बालगंधर्व सिंधू. आता पाहा: नाटक संगीत असूनही लोकांच्या ओठी राहिली ती पदे सिंधूची. पिणारा सुधाकर वकील आहे. त्याचा अपमान, त्याची बुद्धी, तळीरामाचे ते चेष्टेखोर मंडळ हे सारे गद्यात घडते. सूर मिळाला तो दळण दळणाऱ्या, उपाशी राहणाऱ्या, मूल गमावणाऱ्या बायकोला. गडकऱ्यांनी हे हेतूने केले की त्या काळच्या नटसंचाच्या सोयीने ते घडले, या वादात आम्ही शिरत नाही. परिणाम मात्र असा झाला की, त्या नाटकातून उठून घरी जाणाऱ्या प्रेक्षकाला दारू मधुर वाटत नव्हती. गाणे ज्याच्या तोंडी, सहानुभूती त्याच्याकडे जाते. हा साधा नियम आमच्यापुढील गठ्ठ्यातल्या लेखकांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्यांनी गाणे पुन्हा पिणाऱ्याच्या तोंडी दिले आहे.

सिंधूचा आदर्श आम्ही डोक्यावर घेतो असे मात्र कुणी समजू नये. मरताना नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटी जबानी देणारी सिंधू आपल्या लेकीसुनांपुढे ठेवण्याची आमची इच्छा नाही. पण गडकऱ्यांनी तिची किंमत लपवली नाही. मूल मेले ते रंगमंचावर मेले.

या साच्याचे आजचे सर्वांत लोकप्रिय रूप कादंबरीत नसून चित्रपटात आहे, आणि त्यातील माणसे आपल्याच मुलखातली वाटावीत अशी आहेत. २०१३ साली आलेल्या 'आशिकी २' या हिंदी चित्रपटातील गायकाचे नाव राहुल जयकर; तो जिला गोव्यातील एका बारमध्ये गाताना ऐकतो ती आरोही शिर्के. तो तिला गायिका करतो, ती वर जाते, तो दारूत खाली जातो. ती आपले गाणे बाजूला ठेवून त्याची शुश्रूषा करू पाहते. शेवटी आपण तिच्या वाटेतली धोंड आहोत असे ठरवून तो पुलावरून उडी घेतो. ही कथा मूळची अमेरिकेची. 'अ स्टार इज बॉर्न' या नावाने ती तिकडे १९३७ पासून २०१८ पर्यंत चार वेळा पडद्यावर आली. आधी नटनटींची होती, १९७६ पासून गायकांची झाली. प्रत्येक वेळी पुरुष मरतो आणि त्याचे मरण हे प्रेयसीला दिलेली भेट म्हणून आपल्यापुढे ठेवले जाते.

येथे आम्ही आमचे मत स्पष्ट नोंदवतो. ही भेट नव्हे. व्यसनाने खचलेल्या माणसाच्या मनात 'माझ्यावाचून घरचे सुखी होतील' हा विचार येतो, हे अशा घरांत वावरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. तो विचार आजाराचे लक्षण आहे. त्याला त्यागाचे वस्त्र नेसवून, मागे वाद्यवृंद वाजवून, देखण्या नटाच्या चेहऱ्यावर ठेवणे म्हणजे त्या आजाराचीच बाजू घेणे होय. मागे राहिलेल्या स्त्रीला त्या दिवसापासून काय वाहावे लागते, ते पडद्यावर येत नाही; ती त्याच्या नावाची सही करते आणि चित्र संपते. याबाबत आम्ही या कथाकारांना सूट द्यायला तयार नाही.

दुसरा आक्षेप कलेविषयीचा आहे. गठ्ठ्यातील जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असे सुचवलेले आहे की, नायकाची उत्तम गाणी त्याच्या नशेतूनच आलेली आहेत; नशा सुटली तर गाणेही सुटेल. या समजुतीने किती हात थरथरले याचा हिशेब नाही. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर १९५५ साली ३४ व्या वर्षी गेला. त्याच्यासारखे वाजवायचे म्हणून त्याच्यासारखे हेरॉइन घेणाऱ्या तरुण वादकांची एक पिढीच्या पिढी जॅझच्या इतिहासात नोंदलेली आहे. वाद्य कुणालाच तसे वाजवता आले नाही. सुई मात्र सर्वांना जमली. त्या आधीच्या बिक्स बायडरबेक या कॉर्नेटवादकाचे मद्यामुळे २८ व्या वर्षी निधन झाले आणि त्याच्या वादनावरून स्फुरलेली डोरोथी बेकर यांची 'यंग मॅन विथ अ हॉर्न' ही कादंबरी १९३८ साली आली. आमच्या गठ्ठ्यातील नायकांची ती थोरली बहीण म्हणावी. फरक एवढाच की तिच्यात निदान वाद्याचा सराव आहे. आताच्या नायकांना आम्ही पानोपानी पिताना पाहिले, रियाज करताना क्वचितच.

या समजुतीला खोटे पाडणारी उदाहरणे मात्र कादंबरीकारांना आकर्षक वाटत नाहीत. जॉन कोलट्रेन याला १९५७ साली व्यसनापायी माइल्स डेव्हिस याच्या वाद्यवृंदातून जावे लागले. त्याच वर्षी त्याने हेरॉइन व मद्य दोन्ही सोडले. त्याचे सर्वश्रेष्ठ मानले जाणारे 'अ लव्ह सुप्रीम' हे ध्वनिमुद्रण त्यानंतर सात वर्षांनी, १९६४ च्या डिसेंबरात झाले, आणि त्याच्या वेष्टनावर त्याने १९५७ मधील आपल्या आत्मिक जागृतीसाठी देवाचे आभार मानले. आपल्याकडे पं. भीमसेन जोशी यांनी मद्याशी केलेला झगडा सर्वश्रुत आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ते सोडले आणि त्यानंतर कितीतरी वर्षे त्यांचा अभंग महाराष्ट्राने ऐकला. सोडल्यानंतरच्या त्या वर्षांवर प्रेमकथा कुणी लिहीत नाही. पडण्यात नाट्य असते. रोज सकाळी तंबोरा जुळवून बसण्यात लेखकाला ते दिसत नाही.

जाता जाता आमच्या परिसरातील एक नवल. अरणगावचे मेहेराबाद केडगावपासून फार दूर नाही. मेहेरबाबांनी १९६६ साली एलएसडीसारख्या द्रव्यांविरुद्ध एक इंग्रजी पुस्तिका काढली होती. गोळीत देव सापडत नाही, असा तिचा रोख. इंग्लंडच्या 'द हू' या रॉक वाद्यवृंदाचा पीट टाउनशेंड त्यांचा अनुयायी झाला आणि १९७१ च्या एका गाजलेल्या गाण्याच्या शीर्षकात त्याने बाबांचे नाव गुंफले. इतके होऊनही ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तो स्वतः मद्य आणि हेरॉइन यांत सापडलाच. उपचार घेऊन बाहेर आला. त्यांचा पंथ आमचा नव्हे. पण श्रद्धा जडली की व्यसन आपोआप गळून पडते, असे मानणाऱ्या आमच्यातील प्रवचनकारांनी ही हकिगत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण एका बाबतीत आमची भक्तिपर पत्रके आणि या प्रेमकादंबऱ्या सारख्याच आहेत: दोहोंत माणूस एका रात्रीत बदलतो. तिकडे चुंबनाने, इकडे नोव्हेनाने.

आता मुख्य मुद्दा. प्रेमाने व्यसन बरे होते काय? गठ्ठ्यातील नायिका तसे मानतात आणि लेखक त्यांना खरे पाडतात. याउलट ज्यांनी आयुष्य या कामात घातले ते काय सांगतात? अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली; तिच्या संस्थापकांपैकी बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही स्वतंत्र संघटना उभी केली. तिची शिकवण कठोर वाटेल अशी आहे: हे व्यसन तुझ्यामुळे लागलेले नाही, ते तुला आवरता येणार नाही आणि ते तुझ्याने बरेही होणार नाही; तू स्वतःला सावर. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने सुरू केले. अवचटांचे 'गर्द' ज्यांनी वाचले त्यांना ठाऊक आहे की, त्यातल्या माता आणि पत्नी प्रेमात कुठेही कमी पडलेल्या नाहीत. दागिने विकून, दारात बसून, मार खाऊन त्यांनी प्रेम केले. प्रेमाने होत असते तर त्या घरांत केव्हाच झाले असते. आपल्या ख्रिस्तसभेत फादर जो परेरा यांनी १९८१ पासून 'कृपा'द्वारे जे काम उभे केले, त्यातही शिस्त, समूह आणि योगासने आहेत. एकट्या नायिकेच्या खांद्यावर ते उभे नाही.

तर मग गठ्ठ्यात काहीच चांगले नाही काय? आहे. टेलर जेन्किन्स रीड यांची 'डेझी जोन्स अँड द सिक्स' (२०१९) ही कादंबरी आम्ही नाइलाजाने हाती घेतली आणि आदराने खाली ठेवली. सत्तरच्या दशकातील एका काल्पनिक रॉक वाद्यवृंदाची ही कहाणी, मुलाखतींच्या रूपाने सांगितलेली. बिली हा गायक व्यसनात बुडालेला. त्याच्या मुलीचा जन्म होतो तेव्हा तो तिच्यापुढे उभा राहू शकत नाही आणि थेट उपचारकेंद्रात जातो. पुढची सारी वर्षे तो व्यसनापासून दूर राहण्याचा प्रयत्न करतो, हा कादंबरीचा खरा कणा आहे. पत्नी कमीला त्याला बरी करत नाही. ती त्याला काय चालेल आणि काय चालणार नाही ते सांगते, आणि आपल्या शब्दावर राहते. डेझी या गायिकेशी बिलीचे जे जुळते ते उत्कट आहे, धोक्याचेही आहे. लेखिकेने ते नाकारले नाही. पण डेझीला 'तू इथून जा आणि आधी स्वतः बरी हो' हे सांगणारी व्यक्ती कोण, तर कमीलाच. बाकीच्या वातावरणाविषयी पालकांना संकोच वाटेल, आम्हालाही वाटला. तरी विवाहवचनाविषयी इतके गंभीर पुस्तक आम्हाला या गठ्ठ्यात दुसरे मिळाले नाही.

प्रेमकथा नसलेली एक कथा येथे सांगितल्याविना राहवत नाही. जेम्स बाल्डविन यांची 'सॉनीज ब्ल्यूज' (१९५७). पियानो वाजवणारा, हेरॉइनपायी तुरुंगात गेलेला धाकटा भाऊ आणि गणित शिकवणारा मोठा भाऊ. मोठ्याला भावाचे संगीत कधी कळलेच नाही; आईला दिलेले वचनही त्याने नीट पाळलेले नाही. अखेरीस तो प्रथमच भावाचे वादन ऐकायला बसतो. तो भावाला सुधारत नाही, उपदेश करत नाही, ऐकतो. पियानोवर ठेवलेल्या पेल्याला लेखक यशयाच्या ग्रंथातील प्रतिमेची जोड देतो. तो पेला मद्याचाच आहे. धोका टळलेला नाही, हे लेखकाने लपवले नाही.

आणि गोव्याच्या आपल्या बांधवांनी केलेला कोकणी चित्रपट 'नाचूंया कुंपासार'. बार्डरॉय बार्रेटो यांनी लॉर्ना आणि ख्रिस पेरी यांच्या गाण्यांना वाहिलेली ही आदरांजली. साठ-सत्तरच्या दशकांत मुंबईच्या क्लबांतून वाजवणाऱ्या गोवेकर ख्रिस्ती वादकांचे जग तिच्यात दिसते. त्यातील लॉरी आणि डोना ही पात्रे काल्पनिक आहेत. आम्हाला तो चित्रपट मोलाचा वाटतो तो एका साध्या कारणाने: त्यात संगीत हा धंदा आहे. करार आहे, मालक आहे, घरी पाठवायचे पैसे आहेत. प्रेमात पडलेल्या गायिकेचा गळा कुणाच्या कह्यात जातो, हा प्रश्न तेथे रोजीरोटीचा होतो. आमच्या गठ्ठ्यातील नायकांना भाडे भरावे लागत नाही.

आता त्या मातेकडे वळू. तिची मुलगी आमच्या गायकवृंदात गाते. त्याच वृंदात कॅसिओ वाजवणारा एक तरुण आहे. हात गोड, स्वभाव लाघवी. लग्नसराईत तो बँडबरोबर वाजवी. वरातीत वादकांच्या हाती ग्लास देणे हे आपल्याकडे यजमानाच्या दिलदारीचे लक्षण समजले जाते. चार-पाच हंगामांत तो ग्लास त्याच्या हातून सुटेनासा झाला. मुलीने त्याच्याशी लग्न करण्याचे मनात घेतले. 'माझ्यासाठी तो सोडेल', हे तिचे वाक्य; आणि तिच्या उशाशी आमच्या कपाटातले पुस्तक. आई ते पुस्तक घेऊन आमच्याकडे आली, ती संतापाने थरथरत होती. पुस्तकाने मुलीला बिघडवले, असे तिचे म्हणणे.

आम्हाला तिचे समाधान करता आले नाही. मुलीला ती कल्पना पुस्तकाने दिली नसेल. तिला ती हवीशी वाटत होती म्हणून पुस्तक आवडले असेल. शिवाय दुसरी एक गोष्ट आमच्या घशात अडकली होती. धर्मग्रामाच्या सणाला, मिरवणूक संपल्यावर, बँडच्या मुलांना 'थोडी' देण्याची पद्धत आमचीच. पैसे गोळा करणाऱ्यांत आम्हीही होतो. त्या तरुणाच्या हातात पहिला नसेल, पण एक ग्लास आम्हीही दिलेला आहे. तळीराम प्रत्येक वेळी गुत्त्यावरच भेटतो असे नाही.

तो तरुण उपचाराला गेला, परत आला, एकदा घसरला, पुन्हा गेला. सध्या रविवारी मिस्सेला वाजवतो. वरातीची कामे त्याने सोडली आहेत, कारण तेथे ग्लास टळत नाही. त्यामुळे हंगामातली त्याची कमाई निम्म्याहून खाली आली आहे. व्यसन सोडण्याची ही किंमत आम्ही वाचलेल्या एकाही कादंबरीत नव्हती. मुलीने अजून निर्णय घेतलेला नाही. घेऊ नये, असेच तिला तूर्त सांगण्यात आले आहे, आणि ती अधूनमधून पुस्तक बदलायला येते.

तिला आम्ही एकदा वरच्या फळीवरचे एक चरित्र दिले. डब्लिनचा हमाल मॅट टाल्बट. १८८४ साली, २८ व्या वर्षी, त्याने मद्य सोडण्याची शपथ घेतली आणि १९२५ साली मिस्सेला जाताना रस्त्यात कोसळून मरेपर्यंत ती पाळली. १९७५ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला वंदनीय घोषित केले. त्याची उपासतापास आणि अंगावरची साखळी यांचे वर्णन आमच्या पत्रकांतून भरपूर येते. त्या मुलीला मात्र त्यातली दुसरीच हकिगत लक्षात राहिली. पिण्याच्या दिवसांत टाल्बट आणि त्याच्या सोबत्यांनी रस्त्यावर वाजवणाऱ्या एका अंध वादकाचे फिडल पळवले आणि ते विकून दारू घेतली. शुद्धीवर आल्यावर टाल्बटने त्या वादकाला भरपाई देण्यासाठी डब्लिनभर शोधले. तो सापडला नाही. टाल्बटने त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करवल्या. मुलीने पुस्तक परत करताना विचारले, 'त्या आंधळ्याने मग काय वाजवलं असेल?' चरित्रात ते दिलेले नाही, असे आम्ही म्हणालो.

बैठकीत आम्ही आमचा अभिप्राय दिला. गठ्ठा कपाटात राहील. मलपृष्ठावर पावसात भिजलेल्या चार कादंबऱ्या भाषा वाईट म्हणून काढल्या, विषय वाईट म्हणून नव्हे. 'गर्द'ची प्रत आमच्याकडे नव्हती; ती मागवली आहे. सणाला बँडच्या मुलांना जेवण आणि ठरलेले पैसे द्यावेत, बाकी काही नाही, हा ठरावही त्याच बैठकीत आला. त्यावर पुस्तकांपेक्षा बराच अधिक वेळ वाद झाला, आणि तो पुढील बैठकीवर गेला आहे.